हरणीचे चंदेरी खूर

१

हरणी मधमाश्यांच्या आडव्या पडलेल्या पेटीला टेकून मरून पडली होती, आणि तिच्यापासून दहा पावलांवर तिचे मालक साहेबराव. हरणीच्या दाव्याचं तुटकं टोक साहेबरावांच्या मुठीत तसंच राहिलं होतं. ती मूठ उघडायला दोन माणसं लागली.

एकाहत्तर सालची गोष्ट. आमच्या मावळाकडे पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला असतो, आणि हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, पवनेकाठच्या रावेतमध्ये. मी तेव्हा चिंचवडच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. लोक मला ढोरडाक्टर म्हणत, आणि माझा स्वभाव बघता ते फारसं चुकत नव्हते. निरोप आला तसा सायकल हाणत गेलो. पण माझ्या हाताला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हरणी ही शर्यतीची घोडी. आमच्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या वाटांवर, गाड्याचे बैल पळतात आणि त्यांच्यापुढे घोडी पळते. तिच्या मागे लागून बैल घाट चढतात. चाकणपासून माणपर्यंत हरणीला ओळखत नाही असा शौकीन नव्हता. साहेबराव तर तिला आधी चारायचे आणि मग स्वतः जेवायचे.

गोठ्यामागे शेवरीचं दाट कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे, नदीच्या अंगाला, सहा पेट्या होत्या. त्या भीमराजच्या. भीमराज पिंपरीच्या एका कंपनीत प्रेसवर होता. मशिनने उजव्या हाताची दोन बोटं नेली, पाठोपाठ नोकरी गेली, तेव्हा त्याने पुण्याला जाऊन मधमाश्या पाळायचं शिक्षण घेतलं. त्याला स्वतःची वीतभर जमीन नव्हती, म्हणून साहेबरावांनी आपली जागा दिली. आणि गोठ्याजवळ पेट्या ठेवायला हरकत नाही, असं सांगणारा शहाणा मीच. पंचवीस पावलं अंतर ठेवा, पेट्यांची तोंडं नदीकडे करा, मधे कुंपण वाढवा म्हणजे माशी उंचावरून जाईल, माश्यांचं पाणी वेगळं ठेवा म्हणजे त्या जनावरांच्या हौदावर येणार नाहीत, आणि घामाच्या, उग्र वासाच्या अंगाने तिकडे कुणी फिरकू नका. साहेबरावांनी यातलं अक्षरन् अक्षर पाळलं. दोन वर्षांत एका वासराला एक माशी डसली नव्हती.

मग त्याच दिवशी काय झालं?

गावाजवळ उत्तर तयार होतं. "पेट्या उलथवल्या त्या भीमराजनं," पोलीस पाटील सोपानराव म्हणाले. "आठ दिसांमागं बांधावर ह्या दोघांचं कडाक्याचं भांडान झालं. समद्या गावानं ऐकलं."

भांडण झालं होतं, हे खरं. पण गावाच्या मनात त्याहून जुनी अढी होती. बौद्ध झाल्यापासून भीमराजच्या वस्तीने मेलेली जनावरं ओढून न्यायचं काम बंद केलं होतं, आणि ते पाटलांना अजून पचलेलं नव्हतं.

गोठ्यात पिकल्या केळ्यांचा वास भरून राहिला होता. पोळ्याच्या नैवेद्याची केळी असतील, असं मी धरून चाललो. तपास करणाऱ्याने काहीच धरून चालू नये म्हणतात, पण मी कुठे तपास करायला गेलो होतो? मी नुसता हळहळत उभा होतो.

एवढ्यात साहेबरावांचा एकुलता मुलगा कोंडीराम आला. पिंपरीच्या त्याच कंपनीत तो पेंट शॉपला होता. बैलांसाठी गोंडे आणि झूल आणायला तो चिंचवडला गेला होता. त्याने बापाचा चेहरा पाहिला. ओळखू येण्यासारखा तो राहिला नव्हता. हातातली झूल टाकून त्याने रॉकेलचा डबा उचलला आणि तो पेट्यांकडे धावला. मी त्याची दोन्ही मनगटं धरली. नखांत कंपनीचा रंग होता. सव्वीस वर्षांचा बाप्या माझ्या छातीवर डोकं आपटून रडत होता.

"जाळू द्या मला! माझा बा खाल्ला त्यांनी!"

"दोन दिवस थांब," मी म्हणालो. का म्हणालो, माझं मला ठाऊक नाही. कदाचित पेट्यांबरोबर माझाही शब्द जळणार होता म्हणून असेल.

सोपानरावांनी निवाडा दिला. "परवा सावडायचं हाय. तवर डाक्टरानं काय शोधायचं ते शोधावं. राख सावडली की पेट्या पेटवायच्या, आन फौजदाराकडं भीमराजचं नाव द्यायचं. मानूस मारलाय त्यानं."

२

दुसऱ्या दिवशी पोळा होता, पण रावेतमध्ये कुणी बैल सजवला नाही. सकाळी गेलो तर कुंपणाजवळ भीमराज खड्डा खणत होता. हरणीजवळ जायची कुणाची छाती होत नव्हती. हा एकटाच, कमरेइतका खड्ड्यात उतरलेला, तीन बोटांच्या हाताने पहार धरून.

"तुमच्या लोकांनी तर हे काम सोडलंय," मी उगाच खवचटपणे म्हणालो.

"वढायचं सोडलं, डाक्टर," तो मान वर न करता म्हणाला. "ही माझ्या हातनं गूळ खायची. हिला पुरायला मला कोन सांगाया कशाला लागतंय?"

माझी मलाच लाज वाटली. मी गुपचूप हरणीपाशी जाऊन बसलो आणि पहिल्यांदा नीट पाहिलं.

माशी चिडली की डोळे, नाक, काळं तोंड धरते. हरणीच्या तोंडावर माश्यांनी सोडलेले काटे होतेच, पण सगळ्यांत जास्त काटे पायांवर होते, खुरांच्या वर, वीतभर उंचीपर्यंत नुसती काट्यांची दाटी. खूर चंदेरी रंगाने रंगवलेले होते, आणि त्या रंगात माश्या चिकटून मेल्या होत्या. एका खुराला मी सतरा मोजल्या. लहानखुऱ्या, पेटीत पाळतात त्या सातेरी जातीच्या; म्हणजे कड्यावरच्या आग्या माश्यांचं हे काम नव्हतं. आणि चिकटल्या होत्या, म्हणजे त्या आल्या तेव्हा रंग ओला होता.

मग मी आडव्या पडलेल्या पेटीकडे गेलो. तिची एक फळी फुटली होती, आणि फुटलेल्या जागी चंदेरी रंगाचा फराटा होता.

"भीमराज, इकडे ये. ही पेटी कुणी पाडली?"

त्याने फराट्यावरून बोट फिरवलं. "हिच्या लाथेनं पडलीया."

"म्हणजे आधी माश्या उठल्या. हरणीने दावं तोडलं, कुंपण मोडून ती इकडे आली आणि मग पेट्या पडल्या. गाव उलटं सांगतंय."

त्याच्या चेहऱ्यावर काहीच फरक पडला नाही. "पन माश्या माझ्याच ना?"

"तू होतास कुठे?"

"मधाचा डबा पोचवाया चिचवडला गेल्तो. चालत गेलो, चालत आलो. कुनी बघितलं नसंल."

"आणि ते भांडण?"

तो पहार टेकून उभा राहिला. "साहेबराव म्हनले, पोळ्याला माझ्या घरात, माझ्या पंगतीला बसून पुरनपोळी खायची. मी म्हनलो, नगं. गाव तुमास्नी तरास दील. ते वरडले, मी पन वरडलो. त्येच भांडान." त्याने डोळे पुसले. "आज पोळा हाय, डाक्टर."

३

हिंगूळ आणि तेल लावून शिंगं रंगवायची ती पोळ्याच्या आदल्या रात्री, कारण तो रंग वाळायला रात्र जाते. हा चंदेरी रंग दुपारी कुणी लावला? मी घरात गेलो.

साहेबरावांच्या बायको केसरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या गिरजाबाईंनी पुढे केलेला चहा तसाच निवला होता.

"वहिनी, हरणीचे खूर कुणी रंगवले?"

"मला ठावं न्हाई," त्या पटकन म्हणाल्या. "मी दळान आनाया गेल्ते. आल्ये तवा समदं झालं हुतं."

"गोठ्यात केळ्यांचा वास येत होता."

त्यांनी निवलेला चहा बाजूला सारला. "निवदाची केळी हुती. हिकडं तिकडं पायदळी गेली आसतील."

बाहेर पडताना मी पाखऱ्याला पाहिलं. हा गाड्याचा बैल दावं तोडून नदीत उतरला म्हणून वाचला होता. त्याचं डोकं सुजलेलं होतं, बिचारा डोळाही उघडत नव्हता. पण त्याची शिंगं मात्र राखेने खसाखसा घासून कोरी केलेली होती. मेल्याघरी, सुतकात, बैलाची शिंगं घासायचं कुणाला सुचावं? शिंगांच्या बुडाशी हरणीच्या पायांसारखीच काट्यांची दाटी होती.

मी तिथून ज्योतीरामकडे गेलो. त्याची घोडी चैत्रातल्या शर्यतीत हरणीच्या मागे पडली होती, आणि काल चारच्या सुमाराला तो साहेबरावांच्या कुंपणापाशी घुटमळताना गिरजाबाईंना दिसला होता. आधी त्याने आढेवेढे घेतले. मी फौजदाराचं नाव काढलं तेव्हा बोलला.

"माती घ्याया गेल्तो, डाक्टर. तिच्या खुराखालची. आपल्या घोडीच्या कपाळाला लावली की ती जितती म्हनत्यात."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"न्हवतं. खाली वाकलो तर खूर चमाकत्यात. हात लागला तर वला. ह्ये बगा." त्याच्या तर्जनीच्या नखाशी चंदेरी ठिपका होता. "पेट्या तवा उभ्या हुत्या. पन माश्या खाली, तिच्या पायांभवती घिरट्या घालाय लागल्या हुत्या. मी भ्यालो आन पळालो."

"हाक का नाही मारलीस?"

"चोरून गेल्तो ना." त्याचा आवाज फुटला. "साहेबराव नदीवर हुते. एक हाक टाकली आसती तर हरणीला सोडून नेली आसती त्यांनी. राती डोळ्याला डोळा न्हाई लागला माझ्या."

त्याला शिव्या द्याव्यात असं फार वाटलं, पण त्याचं तोंड बघून एकही तोंडातून निघाली नाही.

४

त्याच दिवशी उन्हं कलताना रियाज भेटला. हा काळेवाडीचा फळवाला; सायकलला टोपल्या बांधून थेरगाव, वाकड, रावेत अशी रोज फेरी करायचा. साहेबरावांच्या दारात सायकल लावून तो डोळे पुसत उभा होता.

"साहेबरावचाचाने मला पहिली सायकल घेऊन दिली, डाक्टरसाब," तो म्हणाला. "काय बोलायचं? माणूस गेला."

"रियाज, पोळ्याची केळी त्यांच्याकडे तूच दिलीस का?"

"केळी? दहा दिवस झाले, केळी नाही आपल्याकडे. नदीला पाणी, गाड्या आल्याच नाहीत ना. पेरू देतोय मी सगळ्यांना. निवदाला बी पेरूच दिला, चाचींनी माझ्या समोर घेतला."

मी जागच्या जागी थांबलो. केळी नव्हती, तर केळ्यांचा वास कसला? आणि केसरबाई खोटं का बोलल्या?

कुंपणापाशी भीमराज हरणीवर शेवटची माती लोटत होता. मी सरळ विचारलं, "भीमराज, माश्यांचा आणि केळ्यांचा काय संबंध?"

"पैल्या दिवशीच शिकवत्यात ते," तो म्हणाला. "केळं खाऊन पेटीपाशी जायचं न्हाई. माशी डसली का काट्यातनं वास सुटतो, पिकल्या केळ्यावानी. त्यो वास आला का बाकीच्यांना वाटतं, आपल्यावर कुनीतरी चालून आलंय. मग जिथं वास तिथं त्या तुटून पडत्यात."

"म्हणजे कुणी त्या वासाची वस्तू हरणीच्या खुरांना लावली तर?"

"तर दोन वर्सांची वळख बी कामाला येनार न्हाई. त्यात ती बिथरून पळाली, घामेजली का आनखीनच…" बोलता बोलता त्याचं फावडं थांबलं. तो वाकला, कालच्या चिखलातून एक चंदेरी शिंतोडा उडालेलं पान उचललं आणि नाकाशी नेलं. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला.

"काय रे?"

"काय न्हाई."

"भीमराज, मला बनवू नकोस."

तो हरणीच्या मातीवर बसला. "कंपनीत असताना आमी एकाच टायमाला सुटायचो. प्रेसवाल्यांच्या अंगाला तेलाचा वास, आन पेंट शॉपवाल्यांच्या अंगाला थिनरचा. सारे चिडवायचे त्यांना. केळीवाले आले म्हनायचे."

घरातून कोंडीरामचं हुंदके देणं ऐकू येत होतं.

"पोळ्यासाठी रंग आणला असेल त्याने," मी म्हणालो. "अर्ध्या तासात वाळणारा, आरशासारखा चमकणारा. बापाला दाखवायला."

"नका सांगू कुनाला," भीमराज एकदम म्हणाला. "जळू द्या पेट्या. मी जातो माझ्या मामाकडं चाकनला. माझी बोटं मशिनीत गेली तवा ह्यानंच मला सायकलवर घातलं. माझा हात सोताच्या सदऱ्यात गुंडाळून पिंपरीतनं उघडा पळाला त्यो. मी वाचलो ते त्याच्यामुळं. त्याला ह्ये कळलं तर त्यो जगायचा न्हाई."

"आणि तू? फौजदार तुला मामाकडून उचलून आणेल."

"बगू."

असा माणूस समोर बसला की खरं शोधून काढल्याचा आनंद कसला व्हायचा? उलट मला वाटलं, आपण हा शोध लावला नसता तर बरं झालं असतं.

५

सावडायच्या दिवशी सकाळी मी केसरबाईंना एकट्या असताना गाठलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, चूल विझलेली होती.

"वहिनी, केळी नव्हती. पेरू होते."

त्यांनी वाद घातला नाही. उठून कणगीमागे हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला एक लहान डबा माझ्यापुढे ठेवला. झाकण घट्ट बसवलेलं होतं, तरी वास आलाच.

"दळान घेऊन आल्ये तर हे पडल्याले. घोडी पडल्याली. आन समदीकडं ह्यो वास." त्या अगदी हळू बोलत होत्या. "कोंडीरामाच्या अंगाला रोज यायचा. शिफ्टवरनं आला का माश्या त्याच्या डोक्याभवती गुनगुनायच्या. हे म्हनायचे, आदी आंगूळ कर, मंग गोठ्यात ये. रोज म्हनायचे. रोज आंगूळ करायचा पोरगा. त्या दिशी हे नदीवर, मी दळनाला. बा याच्या आत रंगवून मोकळं व्हायची घाई झाली त्याला."

"त्याला कळलंय?"

"न्हाई. त्याला वाटतंय भीमराजनं केलं." त्यांनी पदराने तोंड दाबलं. "मी बैलाची शिंगं घासली. घोडीचं खूर घासाया गेल्ये, पन माश्या अजून उठत व्हत्या."

"आणि भीमराज? त्याचं काय होणार, ते तुम्हाला माहीत होतं."

"व्हय. त्याचा बळी द्याया निगाले मी. माझ्या हातचं पानी पिनारा पोरगा हाय त्यो. म्या गप बसले." त्या माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा मीच नजर खाली घातली. "नवरा गेला, डाक्टर. आता पोटचा बी घालवू?"

मी तोडगा काढला. आजही मला त्याची लाज वाटत नाही. "साहेबरावांनीच रंगवले, असं सांगू. गेलेल्या माणसाला कोण विचारणार? भीमराज सुटेल, कोंडीराम वाचेल."

त्या ताठ झाल्या. "त्या मानसानं घोडीसाठी जीव दिला. त्याच्या राखंवर ह्ये टाकू? न्हाई."

"मग काय करायचं?"

"तुमी पेट्यांचं सांगा. बाकीचं मी बघते."

६

मारुतीच्या देवळापुढच्या पारावर गाव जमलं. राख नदीत सोडून आलेली माणसं ओल्या धोतरांनीच बसली होती. भीमराज पाराखाली कडेला उभा. कोंडीराम आईजवळ, भादरलेलं डोकं गुडघ्यांत घालून.

मी उभा राहिलो आणि जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. फुटलेल्या फळीवरचा फराटा दाखवला. पेट्या हरणीच्या लाथेने पडल्या, म्हणजे माश्या त्याआधीच उठल्या होत्या. ज्योतीरामला उभं केलं. पेट्या उभ्या असताना त्याने ओला रंग आणि खाली उतरलेल्या माश्या पाहिल्या होत्या, हे त्याने मान खाली घालून कबूल केलं. मग रंगाच्या वासाचं सांगितलं. केळ्यासारखा वास, आणि तोच वास माशीच्या काट्याचा. डबा उघडून सोपानरावांच्या हातात दिला. त्यांनी हुंगला आणि शेजाऱ्याकडे दिला. डबा हातोहात फिरत गेला.

"माश्यांना भीमराजने उठवलं नाही," मी म्हणालो. "रंगाने उठवलं. रंगवणाराला हे माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. मला विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं."

"पन रंगवलं कुनी?" सोपानरावांनी विचारलं.

तेवढ्यात केसरबाई उठल्या. बायामाणसांनी त्या पारावर उठून बोलायची रीत नव्हती.

"मी रंगवलं," त्या म्हणाल्या. "पोराच्या कंपनीतला डबा घरात हुता. पोळ्याला बरं दिसंल म्हनून म्या लावला. भीमराजचा काय गुन्हा न्हाई. काय करायचं ते माझं करा."

सोपानरावांनी डोळ्यांना उपरणं लावलं. उठसूट बायकांची अक्कल काढायला एरवी तयार असलेले लोकही गप्प राहिले. विधवा बाईला कोण काय करणार? भीमराज सुटला होता. कोंडीराम वाचला होता. मी सुटकेचा श्वास घेतला, आणि तेवढ्यात मला कोंडीरामचा चेहरा दिसला.

इतका वेळ तो ऐकत नव्हता. फराटा, वास, माश्या, यातलं काही त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. आईच्या शब्दांनी त्याने मान वर केली. डबा फिरत फिरत त्याच्यापुढे येऊन थांबला होता.

"आये," तो म्हणाला, गोंधळल्यासारखा, "तू तर दळनाला गेल्तीस."

केसरबाईंनी त्याचा दंड धरला. "गप बस."

"मी रंगवलं, आये. तुला कुठं ठावं हाय? बाला दाखवायचं हुतं मला." तो बोलत होता आणि बोलता बोलता एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात येत होती, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच थांबवता येत नव्हतं. त्याने स्वतःची नखं पाहिली. मग हात हळूहळू नाकाशी नेले. "आंगूळ न्हाई केली मी त्या दिशी," तो म्हणाला.

आईने त्याच्यासाठी रचलेलं खोटंच त्याला खरं सांगून गेलं. मी दोन दिवस डोकं खाजवून जे लपवू पाहत होतो, ते असं उघडं पडलं. एवढी हुशारी करून मी नेमकं काय साधलं, असं मला आजही वाटतं.

कोंडीराम रडला नाही. हात पुढे धरून, जणू ते दुसऱ्याचे आहेत अशा नजरेने त्यांच्याकडे बघत बसला. तेव्हा भीमराज पार चढून वर आला. आजवर तो त्या पारावर कधी चढला नव्हता, आणि त्या दिवशी त्याला कुणी अडवलं नाही. कोंडीरामच्या पुढ्यात बसून त्याने आपला सदरा काढला, त्याचे दोन्ही हात त्यात गुंडाळले आणि आपल्या तीन बोटांनी घट्ट धरून ठेवले. मग कोंडीरामला रडू फुटलं. ते ऐकून सोपानराव उठून चालायला लागले.

पेट्या कुणी जाळल्या नाहीत. भीमराजनेच त्या नदीपलीकडे नेल्या. पुढच्या पोळ्याला पहिल्यांदा तो केसरबाईंच्या घरात पंगतीला बसला. साहेबरावांचं ताट शेजारी वाढून ठेवलं होतं. कोंडीरामने कंपनीतल्या साहेबाच्या हातापाया पडून पेंट शॉप सोडलं आणि तो माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला. मी वरचेवर जात असे. तो जगला. लग्न केलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. मात्र हसताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

ऐंशी साली माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला रावेतला गेलो. पाखऱ्या म्हातारा होऊन कधीच गेला होता. गोठ्यात एकही जनावर नव्हतं. दावणीवर धूळ, कोपऱ्यात मोडका नांगर. मी ओसरीवर बसलो होतो. साडेतीनच्या सुमाराला कोंडीराम शिफ्ट संपवून सायकलवरून आला. मला हात जोडले, सायकल लावली आणि काही न बोलता रांजणापाशी गेला. कपडे काढले, तांब्यामागून तांब्या डोक्यावर घेतला, साबण लावून नखं ब्रशने घासली, पुन्हा पाणी घेतलं. धुतलेला सदरा घालून तो गोठ्यात शिरला आणि हरणीच्या खुंट्यापाशी जाऊन बसला.

"रोज आसंच हाय," आतून त्याची बायको म्हणाली. "आंगूळ केल्याबिगर गोठ्यात जात न्हाईत."